कबिला, कुटुंबकबिला आणि ‘अवलंबित’

प्रश्न : २०१७ साली माझे वडील भूतानमधील भारतीय लष्करी प्रशिक्षण पथकात होते आणि आई, धाकटा भाऊ व मी त्यांच्यासह हा खोऱ्यात राहत होतो. (‘हा’ हे ठिकाणाचे नाव आहे, पुण्यात ते सांगताना दर वेळी हा खुलासा करावा लागतो.) त्या जूनमध्ये डोकलामच्या पठारावर भारत आणि चीन यांचे सैनिक समोरासमोर उभे ठाकले, वडील घरी कधी येतील हे आईला सांगता येईनासे झाले, आणि सदाशिव पेठेतून आजी फोनवर विचारू लागली, “कुटुंबकबिला घेऊन तिथे कशाला थांबलात?” कागदोपत्री आम्ही ‘अवलंबित’ होतो. आता त्या दिवसांविषयी लिहिताना तो शब्द खुपतो. ‘तैनात कुटुंब’ म्हणावे का?

उत्तर : ‘तैनात’ टाळावे. सैनिक तैनात होतात, त्यांची मुले नव्हेत. शिवाय ‘तैनाती फौज’ म्हटले की पुणेकराला ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह आणि दुसऱ्या बाजीरावाने पदरी घेतलेली इंग्रजांची पलटण आठवते. १९६२ पासून भूतानच्या सैन्याला शिकवणाऱ्या पथकातील जागेसाठी ‘नेमणूक’ हा साधा शब्द पुरतो.

तुम्हाला हवा असलेला शब्द आजींनीच वापरला आहे. ‘कबिला’ मूळचा अरबी, अर्थ टोळी किंवा जमात. मराठीत तो आकसून एका माणसाच्या बायकामुलांपुरता उरला, आणि लष्कराबरोबर चालणाऱ्या कुटुंबांनाही लागला. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई सैन्याबरोबर होत्या. असे अनेक कबिले त्या छावणीत होते. ‘बुणगे’ हा शेजारचा शब्द, पण त्यात सामानसुमान, नोकरचाकर आणि बरीचशी तुच्छता येते. अवलंबित म्हणजे दुसऱ्यावर टेकलेला. कबिल्यातली माणसे बरोबर चाललेली असतात, आणि संकट आले तर तेही त्यांच्या वाट्याला येते.

प्रश्नकर्ती : हिंदी ऐकून वाढलेल्या माझ्या भावाला ‘कबिला’ म्हणजे वाळवंटातील टोळीच वाटते.

उत्तर : त्यासाठीच जोडशब्द उपयोगी पडतो. ‘कागदपत्र’मध्ये फारसी कागदाला संस्कृत पत्र जोडले आहे, तसेच येथे अरबी कबिल्याला संस्कृत कुटुंब. मात्र ‘कुटुंबकबिला’ आज पुष्कळदा थट्टेने, चार दिवस मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांविषयी वापरतात, हे ध्यानात असू द्यावे. गंभीर वाक्यात मी ‘वडिलांच्या कबिल्यात आम्ही तिघे होतो’ असेच लिहीन.

प्रश्नकर्ती : आजीच्या बोलण्यात थट्टा नव्हती. २८ ऑगस्टला पेच सुटल्याची बातमी आली, तेव्हा तिने फोनवर एवढेच विचारले होते, “कबिला खुशाल आहे ना?”