ट्रेडची बातमी वाचायची कशी?

कच्चा_खर्डा

पटकथा लिहिणाऱ्यांना सगळेच सांगतात, ट्रेड, म्हणजे हॉलिवूडच्या धंद्याच्या बातम्या देणारी पत्रं वाचत जा. व्हरायटी, हॉलिवूड रिपोर्टर, डेडलाइन वाचायला घेतलं की तीन ठिकाणी गाडं अडतं.

रविवारी छापलेला कमाईचा आकडा सोमवारी बदललेला असतो. बजेटच्या दुप्पट गल्ला जमवलेला चित्रपट हीच मंडळी तोट्यात धरतात. आणि अमुक नटाशी 'बोलणी सुरू' अशी बातमी येते, भूमिका मात्र भलत्यालाच मिळते. मग हिला पत्रकारिता म्हणायचं, की धंद्यातल्या लोकांनी एकमेकांना धाडलेले निरोप?

गल्लापेटी

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

रविवारचा आकडा हा अंदाज असतो आणि तो स्टुडिओच देतो. शुक्रवार-शनिवारची विक्री हातात आलेली असते, रविवारचे बरेचसे खेळ अजून व्हायचे असतात. त्याच जातीचे आधीचे चित्रपट शनिवारवरून रविवारी किती टक्के घसरले ते बघून आकडा बसवतात. खरा हिशेब सोमवारी. घाई एवढ्यासाठी, की 'पहिल्या क्रमांकावर' हा मथळा रविवारीच हवा असतो. दोन चित्रपट अटीतटीला असले की अंदाज जरा सढळ हाताने मांडला जातो. फरक एक-दोन टक्क्यांचा असेल तर सोमवारपर्यंत काही धरून चालू नका.

याहून फसवा प्रकार प्रीव्ह्यूचा. गुरुवारी रात्रीच्या खेळांची कमाई शुक्रवारात मिळवतात. समजा शुक्रवार २०, शनिवार १६. वाटतं, दुसऱ्याच दिवशी २० टक्के आपटला. पण त्या २० मध्ये ६ प्रीव्ह्यूचे असतील तर खरा शुक्रवार १४, म्हणजे शनिवारी चित्रपट १४ टक्के चढला. प्रीव्ह्यूचा आकडा बहुधा शुक्रवारी सकाळच्या बातमीत येतो. तो टिपून ठेवायचा.

आता तोटा. निर्मितीला १०० लागले, जगभरची तिकीटविक्री २०० झाली. निम्म्याच्या आसपास थिएटरवाले ठेवतात. परदेशात सहसा पदरात आणखी कमी पडतं, चीनमध्ये तर वाटणीच्या करारावरच्या परदेशी चित्रपटांना २५ टक्केच. हातात आले समजा ९०. त्यातून आधी प्रसिद्धी आणि वितरणाचा खर्च जातो, जो छापलेल्या 'बजेट'मध्ये धरलेलाच नसतो. तो ५० असला तर १०० च्या खर्चापुढे उरले ४०. बाकीचं टीव्ही आणि स्ट्रीमिंगच्या हक्कांतून वसूल व्हायचं. खर्च निघायला बजेटच्या 'अडीच पट' गल्ला हवा, हा ठोकताळा इथून आला. छोट्या चित्रपटांना तो लावू नका, तिथे प्रसिद्धीचा खर्च निर्मितीच्याही वर जाऊ शकतो.

छापील बजेटवरही डोळे मिटून विश्वास नको. करसवलत वजा केलेला आकडा लहान दिसतो, म्हणून तोच सांगितला जातो. ब्रिटनमध्ये चित्रपटासाठी काढलेल्या कंपन्यांचे हिशेब सरकारदरबारी दाखल होतात आणि कुणालाही बघता येतात. तिथला खर्च गाजावाजा केलेल्या बजेटपेक्षा बराच मोठा निघाल्याची उदाहरणं आहेत.

तिसरी_घंटा

'बोलणी सुरू' ही बातमी खोटी नसते, अर्धी असते. ती कुणी सोडली हे आधी बघा. एजंटने सोडली असेल तर भाव वाढवायला किंवा स्टुडिओला निर्णय घ्यायला भाग पाडायला. निर्मात्याने सोडली असेल तर त्या नावावर पैसे उभे करायला. सही झालेली नसल्यामुळे दोघंही उद्या कानांवर हात ठेवू शकतात.

ट्रेडमध्ये या शब्दांना उतरंड आहे. 'सर्कलिंग' म्हणजे नुसता रस. 'इन टॉक्स' म्हणजे प्रस्ताव समोर आहे, रकमेवर घासाघीस चालू. 'अटॅच्ड' म्हणजे नाव वापरायला परवानगी. तारखा बहुतेक वेळा मोकळ्याच. 'हक्क घेतले' असं पुस्तकाबद्दल वाचलंत तर ते बहुधा ऑप्शन असतं: ठरलेल्या किमतीचा छोटासा हिस्सा देऊन वर्ष-दीड वर्षापुरती कथा अडवून ठेवलेली. मुदत संपली, पैसे भरले नाहीत, की हक्क लेखकाकडे परत. लेखकांनी तर यातलं काहीच 'चित्रपट होतोय' असं वाचू नये.

बातमीचा शेवटचा परिच्छेद कधी गाळू नका. 'रेप्ड बाय' (प्रतिनिधी कोण) म्हणून एजन्सी, मॅनेजर, वकील यांची नावं तिथे ओळीने असतात. पाच जणांच्या बातमीत एकाच्याच माणसांची नावं असतील, तर पुडी कुठून सुटली याचा अंदाज येतो.

मालिकावाला

टीव्हीत गफलत एककांची होते. एकाच भागाचे प्रेक्षक 'त्या रात्रीचे' आणि 'सात दिवसांत रेकॉर्डिंग बघितलेल्यांसह' असे दोन्ही आकडे छापतात. वाहिनी मोठा पुढे करते, प्रतिस्पर्धी लहान.

नेटफ्लिक्स जून २०२३ पासून 'व्ह्यूज' सांगतं: बघितलेले एकूण तास भागिले कलाकृतीची लांबी. दहा तासांची मालिका ५ कोटी तास बघितली गेली, तर ५० लाख व्ह्यूज. दोघांनी अर्धी-अर्धी सोडून दिली तरी हिशेबात एक व्ह्यू पुरा होतो. मालिका शेवटपर्यंत किती जणांनी बघितली हे यातून कळत नाही, आणि पुढच्या सीझनचा निर्णय घेताना नेमकं तेच महत्त्वाचं असतं.

मागचं_पान

निरोप की पत्रकारिता? दोन्ही, आणि हे पहिल्यापासून. साइम सिल्व्हरमनने १९०५ मध्ये व्हरायटी काढलं. त्याआधी परखड परीक्षणामुळे जाहिरातदार बिथरला म्हणून त्याची नोकरी गेली होती. उलट बाजूही आहे. हॉलिवूड रिपोर्टरचा संस्थापक विल्करसन याने १९४६ मध्ये आपल्या स्तंभात कम्युनिस्ट ठरवून लेखकांची नावं छापली आणि अशा लोकांना काम न देण्याच्या काळ्या यादीला वाट करून दिली. त्याच्या मुलाने २०१२ मध्ये त्याबद्दल माफी मागितली. ट्रेडमधल्या नुसत्या नावाने काम जाऊ शकतं, ते असं.

आजचं बघायचं तर जाहिरात देणारे आणि बातमीत येणारे तेच स्टुडिओ. पुरस्कारांच्या हंगामात 'फॉर युवर कन्सिडरेशन'च्या, म्हणजे मतदारांना उद्देशून स्टुडिओ देतात त्या जाहिरातींच्या पानांवर मोठी मिळकत होते, त्या महिन्यांतल्या कौतुकाच्या मुलाखती त्या हिशेबाने वाचा. शिवाय डेडलाइन २००९ मध्ये आणि व्हरायटी २०१२ मध्ये पेन्स्के मीडिया या कंपनीकडे गेलं, २०२० पासून हॉलिवूड रिपोर्टरही त्याच छत्राखाली. संपादक वेगळे, चढाओढ खरी, पण मालक एकच. तिघांनी छापलं म्हणजे तीनदा पडताळलं असं नाही. बऱ्याचदा तिघांकडे एकाच प्रसिद्धीप्रमुखाचा मेल गेलेला असतो.

कच्चा_खर्डा

तिसरी_घंटा, एक शंका. शेवटच्या ओळीत सगळ्यांचीच माणसं असली तर?

तिसरी_घंटा

मग बहुतेक करार झालेला असतो आणि स्टुडिओने रीतसर जाहीर केलेला असतो. नक्की करायला दिग्दर्शक, निर्माता आणि चित्रीकरणाचा महिना दिलाय का बघा. महिना नसेल तर पैसे अजून जमायचे आहेत असं धरून चाला.