मुखत्याराने नेमलेला मुखत्यार, त्याला म्हणायचं काय?

काकांनी न्यू जर्सीहून मला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) दिलंय, गावची जमीन विकायला. त्यात एक ओळ आहे, 'सदर मुखत्यारास आपल्या वतीने उपमुखत्यार नेमण्याचा अधिकार राहील'. आता हे 'आपल्या' म्हणजे कोणाच्या, माझ्या का काकांच्या?

—

बरोबर जागी बोट ठेवलंत, सगळी गोम त्या 'आपल्या'तच आहे. १८७२ च्या करार कायद्यात कलम १९० ते १९५ यावरच आहेत. जे काम तुम्ही जातीने करायचं कबूल केलंय ते दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, धंद्याची तशी रीत असेल किंवा काम तसं असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही ठेवलेला, तुमच्या ताब्यात राहून काम करणारा तो उपमुखत्यार, त्याने घोळ घातला की काका तुमची मानगूट धरणार (त्याने मुद्दाम लबाडी केली तर त्याचीही). पण काका म्हणाले की एखादा वकील बघ आणि तुम्ही बघून दिलात, तर तो थेट काकांचाच माणूस झाला, कलम १९४. मग तुमच्यावर एवढंच, की शहाणा माणूस स्वतःसाठी जितकं पारखून घेईल तितकं पारखलंत का.

—

म्हणून मला तो 'उप' पटतच नाही. उपसरपंच काय सरपंचाने नेमलेला असतो का? पोटभाडेकरू, पोटकंत्राटदार म्हणतो तसं पोटमुखत्यार म्हणा ना! घरमालक भाडं भाडेकरूकडेच मागतो, पोटभाडेकरूचं त्याने बघावं, अगदी तसंच नातं आहे हे. ऐकायला जरा विचित्र आहे, मान्य.

—

मुतालिक विसरलात का सगळे? शिवकाळात प्रधान मोहिमेवर गेले की त्यांच्या जागी कारभार बघायचा तो मुतालिक. आता नुसतं आडनाव उरलंय. गुमास्त्याचं तर त्याहून वाईट, फारसीत अर्थ 'नेमलेला', आणि मुंबईत आता दुकानाच्या लायसनला गुमास्ता म्हणतात, माणूस गेला कागद राहिला.

—

पोटमुखत्यार झकास आहे पण आमचे वकील लिहितील असं वाटत नाही. ब्रोकरला मी माझ्या हाताखालीच ठेवणार होतो, आता नको वाटतंय. 'आपल्या' खोडून 'लिहून देणार यांच्या (म्हणजे काकांच्या) वतीने' करा असं काकांना आत्ताच व्हॉट्सॲप केलंय, तिकडे रात्र आहे.