भयपट आणि प्रेक्षकांचं वय : अनुभव लिहा

कोणत्या वयाचा प्रेक्षक कुठे घाबरतो, कुठे हसतो, कुठे उठून जातो? खेळ लावणाऱ्यांनी आणि मुलांना सिनेमे दाखवणाऱ्यांनी नेमकं लिहा. 'लहानपणी मी कसा टरकलो' हे किस्से इथे नकोत.

बालवाडीताई : सातच्या आतल्या पोराला गोष्ट घाबरवत नाही, चेहरा घाबरवतो. 'झपाटलेला' (१९९३) मोठ्यांना विनोदी वाटतो. चार वर्षांच्या पोरासाठी तात्या विंचूने मान वळवली की खेळ खलास. 'अरे, ते खोटं असतं' सांगून काडीचा उपयोग नाही. मांडीवर घ्या, दिवा लावा, हातात चुरमुऱ्यांची वाटी द्या. नऊ-दहाव्या वर्षी मात्र समजावणं चालतं. साधी बोलकी बाहुली घेऊन तिचं तोंड आतून कसं उघडतं ते दाखवा. पण याच वयात भूत नसलेले, मूल पळवण्याचे सिनेमे जास्त झोंबतात, आणि तिथे बाहुली कामाची नाही.

बूथवाला : दचकवण्याचं निम्मं काम आवाजाचं. थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर (आवाज कमी-जास्त करायची पेटी) ७ ही प्रमाण पातळी. ज्येष्ठांची तक्रार आली की ती ५ वर आणतात, म्हणजे साधारण ७ डेसिबल कमी. दणका उतरतो, पण कुजबुजही बुडते, मग 'काही ऐकूच येत नाही' ही दुसरी तक्रार. सहाच्या आसपास ठेवा आणि सबटायटल असलेली प्रिंट मागवा. कानाला मशीन असेल तर त्याचा आवाज आधीच उतरवायला सांगा.

शेवटची रांग : कॉलेजची पोरं हसली म्हणजे सिनेमा पडला असं नाही. किंकाळीमागून येणारं हसू सुटकेचं असतं. दणक्याच्या आधीच हसली, तर मात्र दिग्दर्शकाची चाल ओळखलीय! 'तुंबाड'सारख्या संथ भीतीत हीच पोरं मोबाइल काढतात, आणि एका स्क्रीनच्या उजेडाने मागच्या रांगांचा अंधार जातो. तिथे चाळिशीपुढचे जास्त गुंततात. पाऊस, वाडा, हाव हे त्यांना ओळखीचं.

खिडकीवरून : भांडण सर्टिफिकेटवरून होतं. 'ए' म्हणजे अठराच्या आत प्रवेश नाही, आईबाप सोबत असले तरी. २०२४पासून 'यूए'चे ७+, १३+, १६+ असे भाग झालेत. तिथे निर्णय पालकांचा. तिकीट काढण्याआधी बघा हो, मध्यंतरात पैसे परत मिळत नाहीत.

बालवाडीताई : घरी दाखवताना टीव्हीच्या आवाजात 'नाइट मोड' असतो, तो लावा. दणके दबतात, संवाद वर येतात.