सेनेगल बिचिरच्या टाकीतून निऑन रोज रात्री कमी होतायत

चारफुटी:
टाकी ४ × १.५ × १.५ फूट, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवून पाइपने जोडलेला), तळाला बारीक वाळू, दोन मोठी लाकडं, तापमान २६. एक सेनेगल बिचिर (तळाशी राहणारा लांबट मांसाहारी मासा), लांबी १४ सेंमी. सोबत २० निऑन टेट्रा (छोटे चमकदार मासे), ६ कोरी (तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश) आणि एक सकर (शेवाळ खाणारा मासा). दोन आठवड्यांत निऑन ११ वर आलेत. मेलेला एकही सापडत नाही, अमोनिया शून्य. दिवसा बिचिर लाकडाखाली पडून असतो, निऑन त्याच्या नाकासमोरून जातात तरी ढिम्म. दुकानात ‘शांत मासा आहे’ असं सांगितलं होतं. पोटभर खायला घातलं तर थांबेल का? नाहीतर सोबत काय ठेवू?

गाळणी:
गायब झालेले नऊ बिचिरच्या पोटात गेले. सांगाडे शोधू नका, तो अख्खाच गिळतो.

दुकानदार खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला. बिचिर भांडकुदळ नाही. पण त्याच्या लेखी टाकीत दोनच जाती: तोंडात मावणारी आणि न मावणारी. दिवसा ढिम्म दिसतो कारण नजर अधू आहे, शिकार वासावर चालते. नाकाच्या दोन बारीक नळ्या पुढे आलेल्या दिसतील, त्या त्यासाठीच. दिवा बंद झाला की निऑनचा रंग फिका पडतो आणि ते एका जागी जवळजवळ स्थिर होतात. बिचिर छातीच्या परांवर रेलत तळ हुंगत येतो, बोटभर अंतरावर थांबतो, डोकं किंचित वळवतो. मग तोंड एकदम उघडतं आणि पाण्याबरोबर निऑन आत. टाकी तुमची असूनही तुम्हाला दिसणार नाही, इतकं ते झटपट होतं.

पोट भरलेलं असेल तर एखादी रात्र वाचेल, एवढंच. निऑन आजच दुसऱ्या टाकीत काढा.

शेवाळ:
निऑनपेक्षा मला कोरींची काळजी जास्त वाटते. कोरी घाबरली की पाठीच्या आणि छातीच्या परांचे काटे ताठ करून अडकवून ठेवते. बिचिरने ती गिळायला घेतली की काटे घशात रुततात. ना आत जाते, ना बाहेर येते, आणि बहुतेक वेळा दोघंही मरतात. कधी अडकलीच तर शेपटी धरून मागे ओढू नका, काटे आणखी रुततील. काटा बाहेरून दिसत असेल तरच बारीक कटरने छाटून मग सोडवा.

सकरही काढा. शेवाळ संपलं की तो बिचिरच्या अंगावरचा चिकट थर चाटायला लागतो. बिचिरचे खवले चिलखतासारखे असतात हे खरं, पण थर गेला की तिथेच बुरशी धरते. शिवाय साधा सकर फूटभर वाढतो, ते वेगळंच.

गाळणी:
सकरचं बरोबर. आता सोबती कसे निवडायचे ते. काचेला बाहेरून पट्टी लावून बिचिरच्या डोक्याची रुंदी मोजा. सोबत्याच्या अंगाची उंची, म्हणजे पाठ ते पोट, त्याहून जास्त हवी. लांबीला भुलू नका. सडपातळ मासा ८ सेंमीचा असला तरी सरळ आत जातो, तितक्याच लांबीचा चपटा, उंच मासा अडतो. आणि हिशेब आजच्या १४ सेंमीवर करू नका. हा घरच्या टाकीत २५ ते ३० सेंमी होतो, पहिल्या वर्षी तर भराभर.

तुमच्या टाकीत वाळू-लाकूड धरून साधारण २२० लिटर पाणी असेल. त्यात ५ सिल्व्हर डॉलर किंवा ६ पूर्ण वाढलेले बोसमनी रेनबो. दोन्ही एकदम नकोत. सिल्व्हर डॉलर घेतले तर झाडं विसरा, पाला ठेवणार नाहीत. देशी हवे असतील तर सह्याद्रीच्या ओढ्यांतले फिलामेंट बार्ब, पण पूर्ण वाढलेलेच. टायगर बार्ब नको, पर कुरतडतो.

शेवाळ:
सेव्हेरमची जोडीही चालते. अंडी दिल्यावर मात्र तीच बिचिरला कोपऱ्यात दाबते, तेव्हा शिकारी कोण असा प्रश्न पडतो.

चारफुटी:
निऑन आणि कोरी काढले, सकर परत केला. खायला काय आणि किती? गोल्डफिशची पिल्लं स्वस्तात मिळतात.

रात्रपाळी:
गोल्डफिश नको. त्यात थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ब१ जीवनसत्त्व मोडतं. महिनोन्महिने तेच खाल्लं तर मासा तोल जाऊन तिरका पोहायला लागतो. शिवाय गर्दीच्या टाकीतल्या त्या पिल्लांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि अँकर वर्म हा परजीवी घरी येतात.

त्यापेक्षा बुडणाऱ्या मांसाहारी गोळ्या हा मुख्य आहार ठेवा. आठवड्यातून दोनदा सोललेल्या ताज्या कोळंबीचे चण्याएवढे तीन-चार तुकडे, अधूनमधून धुतलेलं गांडूळ, तेही खत-औषध न मारलेल्या मातीतलं. खारवलेलं सुकट नको, चिकनची चरबी तर नकोच. सध्या रोज एकदा, २० सेंमीनंतर एक दिवसाआड. पोट बाजूने किंचित गोल दिसलं की पुरे.

वेळ महत्त्वाची. आधी दिव्यात वरच्या माशांना खायला द्या. मग दिवा बंद करून अर्ध्या तासाने बिचिरचा वाटा लाकडाजवळ लांब चिमट्याने ठेवा. नाहीतर चपळ मासे सगळं फस्त करतात आणि बिचिर वाळत जातो. सकाळी उरलेलं काढून टाका, कोळंबी पाणी पटकन नासवते. आठवड्याला ३० टक्के पाणी बदला.

आणि झाकणाबद्दल कोणीच बोललं नाही! बिचिरला फुप्फुसं असतात, तो वर येऊन हवा घेतो. म्हणून पाणी काठोकाठ भरू नका, झाकणाखाली ५-६ सेंमी मोकळं ठेवा. तो उडी मारण्यापेक्षा सरपटत फटीतून निघतो. कॅनिस्टरच्या पाइपभोवतीची फट हीच त्याची वाट, तिथे स्पंज कापून घट्ट बसवा. बाहेर पडलेला सापडला तर मेला समजून टाकू नका. २०१४ साली कॅनडात संशोधकांनी हेच मासे आठ महिने जवळजवळ पाण्याविना, फक्त ओलाव्यावर वाढवले होते. अंग ओलसर असेल तर टाकीच्याच पाण्याने धुऊन परत सोडा. आधी सोफ्याखाली बघा, तो नेहमी अंधाराकडेच जातो.