मदत हवी आहे: स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकावर 'मॅनिक मायनर' हा खेळ नव्याने लिहितोय, उडी मारताना खेळातल्या गड्यावर पट्टे येतात

नमस्कार मंडळी. मामांच्या माळ्यावरचा डीबी स्पेक्ट्रम प्लस (पुण्याच्या डेसिबेल्सचा) नागपूरचे इतके उन्हाळे काढूनही ठणठणीत आहे. त्यावर १९८३ चा 'मॅनिक मायनर' झेड-८० असेम्ब्लीत (त्याच्या प्रोसेसरच्या थेट आज्ञांमध्ये) पहिल्यापासून लिहायला घेतलाय. गुहा (खेळाचे टप्पे) मात्र मूळच्या नाहीत, आपल्या सावनेर-कामठीच्या कोळसा खाणी. इथे बसून खाणकामगाराचा खेळ करायचा आणि खाण विलायतेतली ठेवायची, हे काही पटेना.

अडलंय ते असं. खेळाचा भाग ३२ बाय १६ चौकटींचा, चौकटीला ८ बाइट, म्हणजे ४०९६ बाइट. सगळं आधी बफरमध्ये (मेमरीतल्या कच्च्या जागेत) काढतो आणि हॉल्ट झालं की (ही आज्ञा पुढची फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं पुढचं चित्र, सुरू होईपर्यंत थांबवते) एलडीआयआर या कॉपीच्या आज्ञेने स्क्रीनवर टाकतो. बफरची मांडणी स्क्रीनसारखीच आहे. गडी वरच्या भागात उडी मारतो तेव्हा प्रत्येक चौकटीत वरच्या काही ओळी नव्या दिसतात, खालच्या जुन्या. बाइटला २१ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) धरले तर ८६,०१६ होतात आणि अख्खी फ्रेमच ६९,८८८ ची! स्टॅक वापरून पॉप-पुशने (दोन-दोन बाइट उचलून ठेवत) कॉपी करू, की ही पद्धतच सोडू? रंगांची सरमिसळ चालेल, ती तर स्पेक्ट्रमची ओळखच आहे.

प्रतिसाद:
भाऊ, स्टॅकच्या नादी लागू नका. बाइटमागे साडेदहा टी-स्टेट पडले तरी पडद्यावर चित्र रेखणारा टीव्हीचा किरण तुम्हाला वरच्या तिसऱ्या भागातच गाठतो. शिवाय डीआय (इंटरप्ट बंद करायची आज्ञा) विसरलात तर इंटरप्ट, म्हणजे दर फ्रेमला प्रोसेसरला मिळणारा इशारा, परतीचा पत्ता थेट चित्रात लिहून मोकळा.

त्यापेक्षा अख्खा भाग कॉपी न करता फक्त हलणाऱ्या पात्रांच्याच चौकटी टाका. इंटरप्टपासून चित्राची पहिली ओळ १४,३३६ टी-स्टेटवर सुरू होते. १६ बाय १६ चा गडी फार तर ९ चौकटी अडवतो, म्हणजे ७२ बाइट. पाच पात्रं धरा, ३६०. साध्या एलडीआयआरनेही हे साडेसात हजारांच्या आसपास जातं. ओळी बदलायचा आणि जुनी जागा पुसायचा खर्च वेगळा. तो बसत नसेल तर पात्रं वरून खाली या क्रमाने काढा, किरणाच्या पुढे राहाल. कोड आणि बफर ३२७६८ च्या वर आहेत ना? रॅमच्या खालच्या १६केमध्ये यूएलए (चित्र तयार करणारी चिप) वाट अडवतो.

मूळ धागाकर्ता:
बफर २४५७६ वरच आहे दादा, मूळ खेळाचं बघून ठेवला होता. वर हलवतो. खेळातल्या सरकत्या पट्ट्याच्या (कन्व्हेयरच्या) चौकटी दर फ्रेमला काढायच्या, की एकाआड एक चालेल?