पूर्व जर्मनीची ॲल्युमिनियमची नाणी कशी जपावीत?

मंडळी, पूर्व जर्मनीच्या चलनी नाण्यांचा संच जुळवतोय. बहुतेक ॲल्युमिनियमची, फुंकरीने उडतील इतकी हलकी! अपवाद २० फेनिगचा (फेनिग म्हणजे तिथले पैसे, शंभरांचा एक मार्क). ते १९६९ पासून पितळी, कारण सार्वजनिक फोनच्या यंत्राला जरा वजनदार नाणं हवं होतं. जुलै १९९० मध्ये पश्चिम जर्मनीचा मार्क आला, तरी सुट्ट्या पैशांच्या टंचाईमुळे पूर्वेची फेनिगची नाणी वर्षभर चालली. (हे मला फार आवडतं.)

आता अडचण. काहींवर पांढुरके डाग आलेत. घासायची हिंमत होत नाही, पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटंही बाद केलीत. आपले जुने ॲल्युमिनियमचे पैसे जपणाऱ्यांनी सांगा, कोकणातल्या दमट हवेत ही कशात ठेवायची? आणि १९५६ चं 'डॉइच मार्क' लिहिलेलं एक मार्काचं नाणं चांगल्या स्थितीत कुणाकडे जादा आहे का? माझ्याकडे १९७२ चं, नुसतं 'मार्क'वालंच आहे.