एग्ज बेनेडिक्टला जपानी वळण : मिसो हॉलंडेज खारट होतो आणि फुटतो

न्याहारीचा_घाट

नेहमीचं एग्ज बेनेडिक्ट (इंग्लिश मफिन या चपट्या पावावर हॅम, पोच्ड म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेलं अंडं आणि वर हॉलंडेज, म्हणजे बलक-लोण्याचा फेटलेला सॉस) नीट जमतं. आता मफिनऐवजी भाजलेली चपटी ओनिगिरी (दाबून आकार दिलेला जपानी भात), हॅमऐवजी स्मोक्ड सामन मासा, मध्ये पालक आणि वर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट जपानी पेस्ट) घातलेला हॉलंडेज असा बेत आहे. सॉसचं प्रमाण : ३ बलक, १५० ग्रॅम खारं लोणी, २ मोठे चमचे लाल मिसो, १ मोठा चमचा पोन्झू (सोया सॉस आणि आंबट फळांच्या रसाचा जपानी सॉस). सॉस तपकिरी आणि भयंकर खारट होतो, मिसोच्या गुठळ्या राहतात, दोनदा तर फुटलाच (लोणी वेगळं झालं). शिवाय सॉस ओतला की खालचा भात सुटतो. खाणारे सहा जण. कुठे चुकतंय?

मंद_आच

आधी मिठाचा हिशेब करा. लाल मिसोत साधारण १२ टक्के मीठ असतं, म्हणजे दोन चमच्यांतून चारेक ग्रॅम गेलं. लोण्यातून दोन-अडीच ग्रॅम, पोन्झूतून एखादा. अडीचशे ग्रॅम सॉसमध्ये सात-आठ ग्रॅम मीठ! वर सामन खारट, भातावर सोया सॉस, ते वेगळंच.

मिसो पांढरा घ्या, त्यातही गोडसर. त्यात मीठ लाल मिसोच्या निम्म्याच्या आसपास असतं आणि सॉसचा पिवळा रंगही टिकतो. ३ बलकांना सपाट १ मोठा चमचा पुरे. लोणी बिनमिठाचंच. वरून मीठ अजिबात नाही.

गुठळ्या होतात कारण मिसो तयार सॉसमध्ये पडतो. तो आधी २ छोटे चमचे लिंबाचा रस आणि १ मोठा चमचा पाण्यात कालवा, बारीक गाळणीतून चमच्यानं घासून काढा आणि मग बलकांत घाला. भांडं वाफेवर ठेवा, बूड पाण्याला टेकता कामा नये. ३-४ मिनिटं सतत फेटा. फेटणी फिरवताना क्षणभर तळ दिसला आणि मिश्रण सावकाश परत मिळून आलं की उतरवा. थर्मामीटर असेल तर ६२ ते ६५ अंश. सत्तरीकडे गेलात की बलक शिजून रवाळ होतात. वितळलेलं लोणी कोमट-गरम हवं, उकळतं नको. पहिला एक तृतीयांश हिस्सा अक्षरशः थेंबथेंब, नंतर बारीक धार.

फुटण्याचे प्रकार दोन, आणि उपाय एक नाही. कडेनं तूप सुटल्यासारखं दिसलं तर लोणी घाईनं पडलंय. स्वच्छ भांड्यात १ मोठा चमचा गरम पाणी घेऊन त्यात फुटलेला सॉस चमचाचमचा फेटत जा, बहुतेक वेळा सावरतो. रवाळ झाला असेल तर अंडं शिजलंय. गाळून कण निघतील, पण दाटपणा परत येत नाही. नवा करा.

पोन्झू सॉसमधून काढून टाका, रंग त्यानंही बिघडतो. यूझूचा (लिंबासारखं सुगंधी जपानी फळ) रस मिळाला तर आचेवरून उतरवल्यावर शेवटी अर्धा छोटा चमचा. त्याचा सुगंध उष्णतेनं उडतो.

शितावरून_भात

भाताचं सांगतो. आखूड दाण्याचा चिकट जपानी तांदूळच लागतो, लांब दाण्याचा कितीही दाबला तरी सुटणार. ३०० ग्रॅम तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत धुऊन अर्धा तास भिजवा. सहा चकत्या होतात. सुशीसारखा व्हिनेगर-साखरेचा भात इथे नको, साखर तव्यावर करपते.

भात गरम असतानाच ओल्या हातांनी ८ सेंमीच्या रिंगमध्ये दाबून २ सेंमी जाडीच्या चकत्या करा, गार भाताला पकड येत नाही. मध्ये अंगठ्यानं उथळ खळगा पाडा, अंडं घसरत नाही. दहा मिनिटं उघड्यावर सुकू द्या. मग थोड्या तेलावर मध्यम आचेवर एका बाजूनं ५-६ मिनिटं, न हलवता. कडेला सोनेरी रेघ दिसली की आपोआप सुटते. पपडी धरल्यावरच ब्रशनं सोया सॉसचा पातळ हात, प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट. आधी लावलात तर दाणे ढिले पडतात आणि सॉस जळतो.

तुमचा भात सुटतोय तो हॉलंडेजमुळे नाही, पालकाच्या आणि अंड्याच्या पाण्यामुळे. ३०० ग्रॅम पालक अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, मग मुठीत घट्ट पिळा. एक छोटा चमचा सोया सॉस लावून पुन्हा पिळा. अंडं कागदी रुमालावर टेकवल्याशिवाय वर ठेवू नका.

कवचातलं

सहा जणांना पोच्ड अंडी एकेक करत बसलात तर पहिलं गार होईल. ओन्सेन तामागो (कवचासकट गरम पाण्यात ठेवून मऊ शिजवलेली जपानी अंडी) करा : जाड बुडाच्या भांड्यात दीड लिटर पाण्याला खळखळून उकळी आणा, आच बंद करून ३०० मिली गार पाणी ओता, फ्रिजमधली ६ अंडी अलगद सोडा आणि झाकून १७ मिनिटं ठेवा. बलक मऊसर धरतो, पांढरा भाग मात्र लुसलुशीत, थरथरता राहतो. काहींना तो कच्चा वाटतो, त्यांना पोच्डच द्या. बलक सगळ्याच प्रकारांत पूर्ण शिजलेला नसतो, म्हणून गरोदर बायका, लहान मुलं आणि वृद्धांसाठी पाश्चराइझ्ड अंडी वापरा.

नोरी (समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागदासारखा पापुद्रा) अंड्याखाली अंथरू नका, ओली होऊन चामड्यासारखी चिवट होते. कात्रीनं दोऱ्यासारखी कापून अगदी शेवटी भुरभुरवा. लाल तिखटाच्या जागी चिमूटभर शिचिमी तोगाराशी (सात जिनसांचा तिखट जपानी मसाला). माझं मत विचाराल तर मिसो, यूझू, नोरी, शिचिमी आणि भात हे सगळं एकाच ताटलीत जरा गर्दीच होते. मफिन ठेवून फक्त सॉस बदलला तरी पदार्थ पुरेसा वेगळा लागतो.

न्याहारीचा_घाट

आभार! यूझू वगळतो, भात ठेवतो. सॉस आधी करून ठेवता येईल का?

मंद_आच

तासभर. थर्मास उकळत्या पाण्यानं तापवून, पाणी ओतून टाकून त्यात भरा. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायला गेलात तर फुटणारच. दाट वाटला तर एक छोटा चमचा गरम पाणी घालून फेटा. उरलेला ठेवू नका. क्रम असा : पालक, चकत्या दाबून सुकायला, सॉस थर्मासमध्ये, अंडी पाण्यात सोडली की चकत्या तव्यावर.